ईसा तांडेलाचा पाच टन कुपा

१३ नोव्हेंबर २०१३ या दिवशी ईसा मणिककडे तीन लाख चौसष्ट हजार रुफिया होते आणि हवे होते चार लाख वीस हजार. कमी पडत होते छप्पन्न हजार. ते मिळवायला हाताशी एक आठवडा होता.

चार लाख वीस हजार ही ‘फतिस’ या मासेमारी दोणीच्या अर्ध्या हिश्शाची किंमत. दोणी दोघा भावांची. थोरला ईसा सत्तावन्न वर्षांचा, तो तांडेल. धाकटा अफीफ चव्वेचाळीसचा, तो यंत्र, डिझेल आणि बर्फ सांभाळायचा. अफीफची मुलगी दहावी पास झाली होती. तिच्या पुढच्या शिक्षणासाठी जानेवारीच्या आत सगळं बिऱ्हाड राजधानीत, मालेला, हलवायचं होतं. मालेत दोन खोल्यांना जेवढी अनामत मागतात तेवढ्यात त्यांच्या दिगुमाफुशी बेटावर अख्खं घर उभं राहतं. अफीफला पैसे हवे होते आणि ही गोष्ट त्याने कुणापासून लपवली नव्हती. जवळच्या एका रिसॉर्टला संध्याकाळी पाहुण्यांना गळ टाकायला न्यायला मोठी दोणी हवी होती. त्यांचा माणूस येऊन फतिसला चहूबाजूंनी टिचक्या मारून गेला होता, आणि जाताना म्हणाला होता की घेतली तर पुरी घेऊ, अर्ध्या दोणीत पाहुणे बसत नाहीत.

ईसाने धाकट्याकडे एकच मागणं केलं. महिनाअखेरपर्यंत थांब, तुझा हिस्सा मीच घेतो. अफीफ थांबला. वर या आठवड्यातला दोणीचा सगळा वाटाही त्याने थोरल्याला सोडला.

“घे, बेबे,” तो म्हणाला. थोरल्या भावाला तिकडे बेबे म्हणतात. “पण महिना संपला की मला आणखी थांबव म्हणू नकोस. मुलीचं वर्ष माझ्यासाठी थांबायचं नाही.”

आता महिना संपायला सतरा दिवस असताना ईसाच्या हातात आठवडाच का, हे सांगायला हवं.

जगातल्या अगदी गरीब देशांची एक यादी असते. त्या यादीतल्या देशांचा माल युरोप बिनजकात घेतो. १ जानेवारी २०११ ला मालदीवचं नाव त्या यादीतून निघालं. देश वर आला म्हणून बेटाच्या शाळेत मुलांना सरबत मिळालं आणि एका साहेबाने भाषण केलं. खरं म्हणजे हे आधीच ठरलं होतं. २००४च्या डिसेंबरात तसा ठराव झाला, आणि सहाच दिवसांनी समुद्र लोकांच्या घरांतून आरपार गेला. ईसाची चूल, भांडी आणि मागची भिंत त्या सकाळी गेली. मग यादीवाल्यांनी आणखी काही वर्षं गरीब राहायला परवानगी दिली. नाव निघाल्यावरही युरोपने तीन वर्षं जकात लावली नाही. ती सवलत ३१ डिसेंबर २०१३ ला संपत होती. पुढे डब्यातल्या कुप्यावर शंभराला चोवीस जकात.

कुपा म्हणजेच ट्यूना. त्या बेटांवर मासा म्हणजे कुपाच, बाकीच्यांना नावाने हाक मारतात.

पलीकडच्या बेटावर डबे भरायचा कारखाना होता. तिथल्या व्यवस्थापकाने सगळ्या तांडेलांना बोलावून हिशेब सांगितला. वीस नोव्हेंबरला सूर्य मावळेपर्यंत आलेला मासा डब्यात भरून, जहाजावर चढून वर्ष संपायच्या आत युरोपात उतरेल. त्याला किलोमागे सतरा रुफिया. एकवीस तारखेपासून अकरा.

परतताना दोणीवर जो तो बोटांवर हिशेब करत होता. मग सोबीर नावाच्या खलाशाने तोंड उघडलं. त्याला गप्प बसणं जमत नसे.

“गरीब होतो तेव्हा मासा सतरा रुफिया. श्रीमंत झालो, मासा अकरा. आणखी जरा श्रीमंत झालो की मासा फुकट द्यायचा आणि वर चहा पाजायचा.”

“श्रीमंत कोण झालं?” ईसाने विचारलं.

“तुम्ही, ईसाबे. तुमच्या घरी दोन पंखे आहेत.”

“एक बंद आहे.”

“मग यादीत परत घाला म्हणावं.”

ईसाही हसला. पण डोक्यात गणित चालू होतं. डिझेल आणि बर्फाचा खर्च वजा करून, खलाशांना तिसरा हिस्सा दिला की सतराच्या भावात दोणीला किलोमागे आठ रुफिया उरत. छप्पन्न हजार म्हणजे सात टन मासा. अकराच्या भावात उरणार होते जेमतेम चार. मग चौदा टन लागले असते आणि तेवढा मासा उरलेल्या दिवसांत मिळणं शक्य नव्हतं. जे काही व्हायचं ते विसाच्या सूर्यास्ताआधी.

पहिल्या फेरीला गुरुवारी दोन टन मिळाला. सोळा हजार. शुक्रवारी नमाज, त्या दिवशी दोणी नांगर उचलत नाही. शनिवारी मतदान होतं, एकही खलाशी किनारा सोडायला तयार नव्हता. रविवारी आणि सोमवारी वारा असा फिरला की खडकाच्या आडोशाला चाऱ्याची मासळीच आली नाही, आणि जिवंत चारा नसेल तर कुप्याकडे जाऊन काही उपयोग नसतो. नोरा नक्षत्र लागलं होतं, आपली अनुराधा. त्या दिवसांत असं होतं. मंगळवारी चारा मिळाला तर टाकीत पाणी खेळवणारा पंप अडकला आणि चारा दुपारपर्यंत मरून पांढरा होऊन तरंगला. अफीफ पंप उघडून बसला होता. खलाशांपैकी एकजण हळूच म्हणाला, पंप नेमका आजच कसा अडकला. ईसाने ऐकलं, पण त्याला गप्प बस म्हणाला नाही.

राहिला बुधवार. राहिले चाळीस हजार. म्हणजे पाच टन.

मंगळवारी संध्याकाळी ईसाच्या बायकोने, नझीमाने, त्याच्यासमोर रोशी, म्हणजे तिकडची पोळी, आणि मासळीचं सार ठेवलं, लिंबू चिरून दिलं आणि समोर बसली. तीस वर्षांच्या संसारात ती फारसे प्रश्न विचारत नसे. म्हणून विचारले की टाळता येत नसत.

“पाच टन मिळेल?”

“मिळेल.”

“नाही मिळाला तर?”

“मिळेल म्हटलं ना.”

“ते ऐकलं मी. नाही मिळाला तर काय, ते विचारलं.”

ईसाने रोशीचा तुकडा सारात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. तो तुटून पडला.

“माझा बाप सुक्या कुप्यावर जगला,” तो म्हणाला. “उकडायचा, धुरी द्यायचा, वाळवायचा, लंकेला पाठवायचा. मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हा लंकेने घेणं बंद केलं. अंगणात लाकडासारखा मासा रचून ठेवला होता. बाप रोज उठून त्यावरचं झावळ्यांचं झाप सरळ करायचा. मग तीन वर्षांनी यंत्राच्या दोण्या आल्या, बर्फाची जहाजं आली, तेव्हा कुठे घरात तांदूळ आला. बाप म्हणायचा, दुकान दुसऱ्याचं असलं की कुलूपही त्याचंच.”

“हे मला ठाऊक आहे. सासऱ्यांनीच सांगितलंय, शंभर वेळा.”

“मग काय विचारतेस?”

“दोणी गेली तर तू काय करशील, ते.”

ईसाने ताट पुढे सरकवलं. सोळाव्या वर्षापासून तो दोणीवर होता. पहिली दोन वर्षं चारा फेकण्यात गेली, मग गळाची काठी हातात आली, एकतिसाव्या वर्षी सुकाणू. त्याच्या उजव्या तळव्याची कातडी काठीच्या घासण्याने इतकी जाड झाली होती की नझीमा थट्टेने त्यावर गरम पातेलं ठेवायची. किनाऱ्यावर तो बसायचा तेव्हासुद्धा समुद्राकडे तोंड करून बसायचा. दोणी गेल्यावर माणूस काय करतो हे त्याने पाहिलं नव्हतं असं नाही. धक्क्यावर पानसुपारी चघळत दुसऱ्यांच्या दोण्यांवर शेरे मारणारे चार म्हातारे बेटावर होते. त्यांच्यात पाचव्याला जागा होती.

बुधवारी उजाडायच्या आधीच चारा मिळाला, भरपूर आणि जिवंत. जाळं वर आलं तेव्हा चांदीचं पाणी उकळावं तशी मासळी खदखदत होती. सोबीर म्हणाला, “आज दर्याचा मूड बरा दिसतोय, काल त्याचं बायकोशी काही बिनसलं असेल.”

बर्फाचं मात्र वेगळं होतं. शेवटचा दिवस म्हणून आसपासच्या सगळ्या दोण्या आदल्या दिवशी कारखान्याच्या बर्फासाठी रांगेत होत्या. दर दोणीला ठरावीक बर्फ मिळाला. अफीफने या कारखान्याच्या बर्फखान्यात चार वर्षं काढली होती. त्याने पेट्या पाहूनच सांगितलं, “साडेतीन टनाला पुरेल. चार म्हटलं तर ओढूनताणून.”

“आधी मासा तर मिळू दे,” ईसा म्हणाला.

दुपारपर्यंत मासा मिळाला नाही. नेहमीच्या ठिकाणी दहा-बारा दोण्या आधीच घिरट्या घालत होत्या. ईसाने सुकाणू पूर्वेला धरलं आणि आणखी बाहेर गेला. डिझेलचा काटा अफीफ पाहत होता. बारा वाजायच्या सुमाराला क्षितिजाजवळ पक्षी दिसले. आधी धुरासारखे, मग एकेक वेगळा, पाण्यात सूर मारणारे.

दोणी थव्यात शिरली. मासा भुलावा म्हणून पाण्याचे फवारे सुरू झाले, मूठमूठ चारा पाण्यावर पडला, आणि खालून कुपा उसळला. मागच्या फळीवर बाराजण ओळीने उभे. काठी पाण्याला लागते न लागते तोच मासा, झटका, मासा डोक्यावरून मागे, गळाला उलटा काटा नसल्यामुळे आपोआप सुटून डेकवर. पुन्हा काठी पाण्यात. नुसता डेकवर मासे आपटल्याचा आवाज, पत्र्यावर नारळ पडावेत तसा, आणि थांबतच नव्हता.

या कोळ्यांत एक नियम आहे, कुणी लिहून ठेवलेला नाही. मासा उडतो आहे तोवर काठी खाली ठेवायची नाही. ईसाचा बाप सांगायचा, काठी खाली ठेवलीस की दर्याला कळतं की याला पुरे झालं. मग पुढच्या वेळी तो दुसऱ्याकडे जातो. ताप भरलेला माणूससुद्धा थवा सुटेपर्यंत उभा राहतो.

अफीफने काठी खाली ठेवली.

तो झाकण उघडून खणात उतरला, फावड्याने बर्फ ओढून पाहिला आणि वर आला. घामाने आणि माशांच्या रक्ताने त्याचा शर्ट चिकटला होता.

“बेबे, बस. साडेतीन टन झाला. बर्फ संपला.”

“अजून दीड टन.”

“त्याला काय लावणार? फुंकर?”

“मासा चावतोय. काठी उचल.”

“ऐक माझं. खालचा साडेतीन नीट बर्फात आहे. तो नक्की पास होईल. वरचा कितीही घेतलास तरी उन्हात राहणार. तापलेला मासा ते घेत नाहीत. युरोपचा माल आहे, सुई घालून बघतात.”

ईसाचा हात थांबला नव्हता. एक मासा मागे गेला, दुसरा गेला.

“साडेतीनने अठ्ठावीस हजार होतात,” तो म्हणाला. “बारा हजार कमी पडतात.”

“बारा हजारांचं नंतर बघू.”

“नंतर म्हणजे? महिना संपल्यावर? तेव्हा तूच म्हणशील, थांबवू नकोस.” आणि मग त्याच्या तोंडून ते निघालं. “थांब म्हणायला तुझं काय जातंय. मासा कमी पडला तर दोणी विकायची तुलाच घाई आहे. काल पंपही तुझ्याच हातात होता.”

फळीवरचे सगळे ऐकत होते. सोबीरने मान खाली घातली.

अफीफने वाकून काठी उचलली आणि फळीवर आपल्या जागी जाऊन उभा राहिला. त्यानंतर त्याच्याएवढे मासे कुणीच काढले नाहीत. दात आवळून, न बघता, एकामागून एक. थवा सुटला तेव्हा खणात आणि डेकवर मिळून साडेपाच टनांच्या आसपास कुपा होता आणि अफीफचे दोन्ही तळवे फाटले होते.

“निदान वरचा वेगळा ठेवू,” तो शेवटचं म्हणाला. आवाज अगदी साधा होता. “खालच्याचा बर्फ खालीच राहू दे.”

ईसाने एकदा खणाकडे पाहिलं, एकदा सूर्याकडे.

“ढीग एकच,” तो म्हणाला. “किनाऱ्याला लागेपर्यंत मासा वेगळा करत नाहीत. बर्फ सगळ्यात मिसळा.”

असं तो म्हणाला ते रीत म्हणून, हे खरं. पण नुसती रीत नव्हती. साडेतीन टन पास होऊन त्याला काही मिळणार नव्हतं. पाच टन तरी पास व्हायला हवे होते, नाहीतर सगळं सारखंच. एकाच पत्त्यावर सगळं लावणाऱ्याला रीत ऐन वेळी बरोबर आठवते.

कारखाना अडीच तासांवर होता. ईसाने यंत्र जितकं खेचता येईल तितकं खेचलं. खलाशांनी ओली पोती आणि ताडपत्री माशांवर टाकली, बादल्यांनी पाणी मारत राहिले. समुद्राचं पाणीच कोमट. धक्का दिसला तेव्हा सूर्य दोन हातांवर होता आणि धक्क्याला पाच दोण्या रांगेत होत्या.

तिथे वाट पाहणं दिवसभरातलं सगळ्यात जड काम होतं. पुढची दोणी वजन करून सरकली की सगळे एकदम उभे राहत आणि पुन्हा बसत. अफीफ मात्र बसला नाही. तो दोणीच्या टोकावर उभा राहून पुढच्या प्रत्येक दोणीला हाका मारत होता.

“अरे, उरलाय का बर्फ? दोन पेट्या? एक? ओळखीचा म्हणून द्या रे.”

“सकाळपासून तुझा बर्फ विकत बसला होतास काय?” पलीकडून कुणीतरी ओरडला.

“तसं समज. दे आता.”

एका दोणीने दोन पेट्या दिल्या. त्या खणात ओतल्या तर कुठे गेल्या ते दिसलंही नाही. ईसा सुकाणूजवळ उभा होता. धाकट्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि कामही एक सोडलं नाही.

तपासायला शझना होती. पंचविशीतली मुलगी, दिगुमाफुशीच्याच मावशीकडे वाढलेली, ईसाला लहानपणापासून ओळखणारी. तिने हातमोजे चढवले, ढिगाच्या वेगवेगळ्या जागांतून दहा मासे काढायला लावले, आणि लांब सुई पहिल्या माशाच्या पाठीत कण्यापर्यंत घातली. आकडा स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो. सगळे त्या लहानशा काचेकडे बघत होते.

“सात,” ती म्हणाली.

दहांत चार अंशांच्या वर गेलेले दोनच मासे चालत. दुसरा नऊ निघाला. तिसरा सहा. चौथा चार निघाला तेव्हा सोबीर “अल्हम्दुलिल्लाह” असं पुटपुटला. पाचवा पुन्हा सात. तिने दहाही पुरे केले, कुणी थांबवलं नाही म्हणून.

“ईसाबे, हा माल युरोपच्या डब्यात जाणार नाही.”

“खालचा बघ,” अफीफ पुढे झाला. “खालून काढ दहा. खालचा आधी बर्फात होता, तास दीड तास चांगला बर्फात होता. मी स्वतः लावलाय. मी इथे चार वर्षं होतो, तुला माहीत आहे.”

“माहीत आहे. म्हणूनच सांगते. मिसळलेल्यातला खालचा कुठला आणि वरचा कुठला, मी कशी ओळखू?” तिने सुई पुसली. “खालचा वेगळा ठेवला असतात तर तेवढा मी आत्ता घेतला असता.”

अफीफने आणखी वाद घातला. सूर्य आहे अजून, पुन्हा बर्फ लावून तासाने बघ, मोठ्या साहेबांना बोलाव, हा माणूस एकेचाळीस वर्षं या दर्यावर आहे, त्याच्या दोणीचा मासा कधी परत गेलाय का सांग. ईसाने धाकट्याला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. शेवटी त्यानेच पुढे होऊन अफीफच्या दंडाला धरलं.

“पुरे. तिचं काम तिने केलं.”

“खताच्या पिठासाठी घेतील, ईसाबे,” शझना हलक्या आवाजात म्हणाली. “पाच रुफियाने. मासा खायला वाईट नाही, पण इथे आता दुसरा भाव नाही.”

“खायला वाईट नाही ना?”

“आजच उकडलात तर नाही.”

“मग घरी नेतो.”

परतताना सूर्य मावळला. त्या क्षणी जुना भावही मावळला, पण दोणीवर कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. दोणी किनाऱ्याला लागली तेव्हा बातमी आधीच पोचली होती. नझीमाने बायका गोळा केल्या होत्या आणि वाळूत चर खणून मोठी पातेली मांडली होती. अंधार पडता पडता पहिलं पाणी उकळलं. मासा कापायला, धुवायला, उकडायला बेटावरचं प्रत्येक घर आलं. सकाळपर्यंत अर्धा ढीग उकडून झाला होता आणि नारळाच्या सोडणांचा धूर सगळ्या गल्ल्यांतून भरला होता. लहान मुलांना गंमत वाटत होती. इतका सुका कुपा एकदम बनताना त्यांनी पाहिलाच नव्हता. म्हाताऱ्यांनी पाहिला होता. ते येऊन बसले आणि सोडणं कशी रचावीत यावर भांडू लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अफीफ सोडणांचं पोतं पाठीवर घेऊन आला, ते चरापाशी ओतलं आणि ईसाशेजारी उकिडवा बसला. दोन्ही हातांना त्याने फडकी गुंडाळली होती.

“काल काठी का उचललीस?” ईसाने विचारलं.

“तू उचल म्हणालास.”

“मी काय म्हणालो ते ऐकूनही?”

“ते ऐकून जास्तच.”

ईसाने लाकडाने विस्तव पुढे सारला. “चुकीचं बोललो मी.”

“हो,” अफीफ म्हणाला.

त्याने विस्तवावर दोन सोडणं टाकली. मग अफीफच म्हणाला, “हा सगळा वाळला की हजार किलो तरी भरेल. मालेच्या बाजारात चांगला जाईल. खलाशांचा वाटा दिला तरी चाळीस हजार सुटतील. वेळ लागेल, पण सुटतील. मी रिसॉर्टवाल्याला अजून कळवलेलं नाही. फेब्रुवारीपर्यंत थांबतो.”

ईसाला हेच हवं होतं. आठवडाभर त्याने याच्यासाठी जीव टाकला होता. आता ते समोरून चालत आलं होतं, आणि त्याला अकराचा भाव दिसत होता, आणि मालेत दोन खोल्या न मिळालेली ती मुलगी.

“वर्ग कधी सुरू होतात?”

“जानेवारीत.”

“मग फेब्रुवारीपर्यंत काय थांबतोस? कळव त्याला.”

“बेबे.”

“कळव. आजच कळव, नाहीतर तो दुसरी बघेल. चाळीस हजार देऊन दोणी घेतली तरी अकराच्या भावात तिचं डिझेल कोण भरणार? तू तर मालेत असशील. सोबीर भरणार?”

“मी भरतो की,” मागून सोबीर म्हणाला. “पण उधारीवर.”

अफीफने फडक्याच्या हातानेच खिशातून फोन काढला आणि उठून पाण्याच्या दिशेने चालत गेला. बोलताना तो सगळा वेळ पाठमोरा होता.

दोन डिसेंबरला रिसॉर्टचा माणूस येऊन फतिस घेऊन गेला. तिच्या मागच्या फळीवर आता पाहुण्यांसाठी गाद्या आहेत, असं सोबीर सांगतो. तो तिथेच नोकरीला लागला आणि पाहुण्यांना काठी कशी धरायची ते शिकवतो. अफीफचं बिऱ्हाड डिसेंबर संपायच्या आत मालेला गेलं. ईसाने आपल्या हिश्शाच्या पैशातून लहान होडी घेतली. तो खडकाच्या आतल्या बाजूला एकटाच हातगळाने मासा धरतो आणि बेटावरच विकतो. सुका कुपा फेब्रुवारीत मालेला गेला. अफीफनेच बाजारात उभं राहून विकला, खलाशांचे वाटे ज्याच्या त्याच्या घरी पोचते झाले.

त्या दिवशी उकडायला मीठ कमी पडलं म्हणून नझीमाने हव्वाच्या दुकानातून तीन पोती उधारीवर आणली होती. दोन पोत्यांचे पैसे दिले. तिसऱ्याचे एकशे चाळीस रुफिया द्यायचे आहेत.